ओवाळणीतला प्रोसेसर

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा पंखा फिरत होता, आतला हिरवा दिवा लागला होता आणि स्क्रीन काळीच्या काळी होती. माझा भाऊ संग्राम जमिनीवर उकिडवा बसून पाचव्यांदा तेच बटण दाबत होता. मी दारात उभी राहून चहा पीत होते. त्याला मदत करायची माझी अजिबात इच्छा नव्हती. खरं सांगायचं तर मला मजा येत होती.

"नो सिग्नल," स्क्रीनवर क्षणभर उमटलेली अक्षरं मी त्याला वाचून दाखवली.

"मला वाचता येतं," तो म्हणाला.

भाऊबीजेची दुपार होती. तासाभरापूर्वीच मी त्याला ओवाळलं होतं, आणि त्यानं ताटात चकचकीत कागदात गुंडाळलेली एक डबी टाकली होती. उघडून पाहिलं तर आत प्रोसेसर. नवा नव्हे. तीन वर्षं त्याच्या याच मशीनमध्ये राबलेला, वरची गार ठेवणारी पेस्ट नीट न पुसलेला. त्यानं स्वतःसाठी नवा मागवला होता, सीलबंद खोक्यातला, आणि उतरलेला बहिणीला दिला होता. वर म्हणाला, "तुझा कॉम्प्युटर रडतो म्हणत होतीस ना, बसव त्याला." आई लगेच म्हणाली होती की वस्तू उपयोगाची आहे, साडीपेक्षा बरी. मी हसून घेतलं होतं, पण डोक्यात तिडीक गेली होती ती गेलीच होती.

तर आता तो नवा, सीलबंद, कौतुकाचा प्रोसेसर बसला होता आणि मशीन उठायला तयार नव्हती. देव आहे, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं.

आमचं माहेर वडूजचं. आमचे दादा, म्हणजे वडील, कचेरीसमोर दस्त लिहायचे. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, जे लागेल ते. रस्त्याकडची खोली त्यांचं ऑफिस, मागं माजघर, स्वयंपाकघर आणि एक खोली. दोन वर्षांपूर्वी ते अचानक गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांची मृत्युपत्रं लिहिली आणि स्वतःचं राहिलं. आता ऑफिस संग्राम चालवत होता. त्याला घरावर मजला चढवायचा होता, आणि बँकेला उताऱ्यावर एकच नाव पाहिजे होतं. म्हणून त्याला माझं हक्कसोड पत्र हवं होतं. वडिलांच्या मिळकतीतला माझा वाटा मी भावासाठी सोडते, असं लिहून द्यायचं आणि सही करायची. आमच्याकडं मुली ही सही संक्रांतीचं वाण दिल्यासारखी देऊन मोकळ्या होतात. मी दिली नव्हती. नाहीही म्हटलं नव्हतं. दोन वर्षं मी नुसतं ऐकून घेत होते, आणि दोन वर्षं आमच्या घरात सरळ वाक्य कुणी बोललं नव्हतं.

आई त्याच्या बाजूची. ती माझ्यापाशी एकच पालुपद लावायची, की सही म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी, बँकेला एकच नाव लागतं, नाही केलीस तर माहेर तुटेल. सकाळी मी एसटीतून उतरले तेव्हा पाणी देतानाही तिनं तेच म्हटलं होतं. संग्रामची बायको सकाळीच तिच्या भावाकडं गेली होती, त्यामुळं घरात आम्ही तिघंच होतो. भांडायला मोकळीक होती.

संग्रामनं फोन लावले. मशीन जोडून देणारा त्याचा मित्र उचलेना. सणामुळं दुकानं बंद. साताऱ्याचा एक जण म्हणाला, सोमवारी मदरबोर्ड घेऊन या. संग्रामनं फोन खाटेवर आपटला.

"एवढी काय घाई आहे?" मी विचारलं.

त्यानं सांगितलं की उद्या अकराला रजिस्ट्रीचं टोकन आहे. एका पार्टीचे कागद आहेत, मसुदा मशीनमध्ये आहे, काढला नाही तर टोकन जाईल. मी म्हटलं, मग शेजारच्या कुणाकडून टाइप करून घे. कचेरीसमोर ओळीनं सात दस्तलेखक बसतात. त्यावर तो माझ्याकडं असा बघायला लागला जसं काही मी त्याला भीक मागायला सांगितलं.

"त्यांच्याकडं नाही जायचं मला," तो म्हणाला. मग बराच वेळ कॅबिनेटमध्ये डोकं घालून बसला आणि तिथूनच, माझ्याकडं न बघता म्हणाला, "ताई, बघतेस का जरा?"

फलटणच्या कॉलेजात मी चौदा वर्षं कॉम्प्युटर लॅब सांभाळत होते. चाळीस मशीन. रोज त्यातली एखादी तरी रुसलेली असायची. हे त्याला माहीत होतं, आणि तरी इतका वेळ त्यानं मला विचारलं नव्हतं. मी चहाचा कप आत ठेवून आले, पदर खोचला आणि म्हटलं, "सरक."

आधी मी सगळ्या वायरी काढून मशीन टेबलावर घेतली. रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, खोडरबरानं घासल्या, एकेक करून लावून पाहिल्या. स्क्रीन काळी. बोर्डावरचा गोल सेल काढून पाच मिनिटं बाहेर ठेवला, परत बसवला. काळी. प्रोसेसरला वीज देणारी वेगळी वायर असते, ती बसलीय का पाहिलं. बसली होती. प्रत्येक वेळी संग्राम मागून म्हणायचा, "हे मी केलंय." तिसऱ्या वेळी मी स्क्रू-ड्रायव्हर त्याच्यापुढं धरला आणि म्हटलं, मग तूच कर. तेव्हा तो मागं सरकला.

मग वरचा पंखा सोडवून प्रोसेसर बाहेर काढला. त्याच्या पोटाखाली केसासारख्या शेकडो पिना असतात. एक जरी वाकली तरी खेळ खलास.

"बसवताना दाबलास का?" मी विचारलं.

"मी काय अडाणी आहे का?"

"विचारलं नुसतं."

"विचारत नाहीस तू. टोमणे मारतेस. दादा गेल्यापासून तुझं हेच चाललंय."

मी पिना उजेडात धरून ओळीओळीनं पाहिल्या. सगळ्या सरळ होत्या. थोडी निराशाच झाली मला. त्याच्या हातून काहीतरी मोडलेलं असावं आणि ते त्याला दाखवावं, असं मला फार वाटत होतं. अशी मी तेव्हा होते, त्यात आता लपवण्यासारखं काही नाही.

प्रोसेसर चांगला, बोर्ड चांगला, रॅम चांगली, आणि तरी अंधार. मी बोर्डाचा नंबर फोनवर टाकला आणि कंपनीच्या पानावरची यादी काढली. दहा मिनिटांत उलगडा झाला. या बोर्डांमध्ये एक चिप असते. मशीन चालू झाली की सगळ्यात आधी ती जागी होते आणि समोर कोण बसलंय ते ओळखते. संग्रामचा बोर्ड तीन वर्षांपूर्वीचा. हा प्रोसेसर आला त्याच्याही आधीचा. चिपला याची ओळखच नव्हती. तिच्यातली माहिती नवी करून घेतली की हाच प्रोसेसर चालणार होता.

"मग कर ना नवी," संग्राम म्हणाला.

"त्यासाठी मशीन चालू व्हावी लागते."

"मशीन चालू होत नाही म्हणून तर..." तो थांबला. त्याच्या लक्षात आलं.

"तिला ओळखीचा प्रोसेसर बसवायचा," मी म्हटलं. "मशीन चालू करायची, माहिती भरायची, मग तो काढून तुझा नवा बसवायचा. तुझा जुना पाहिजे. कुठंय तो?"

कुठंय ते दोघांनाही माहीत होतं. माजघरात, माझ्या पिशवीत, चकचकीत कागदात. संग्रामचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा झाला होता. त्यानं कपाळ पुसलं, पेनड्राइव्ह शोधल्यासारखं केलं, खण उघडला, लावला. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"दे की मग," शेवटी तो म्हणाला.

"काय देऊ?"

"प्रोसेसर."

"कुठला प्रोसेसर? माझ्याकडं ओवाळणी आहे."

आमचे आवाज चढलेले ऐकून आई आतून हात पुसत आली. काय झालं ते तिला समजावून सांगावं लागलं. तिला बाकी काही कळलं नाही, पण ओवाळणी परत मागतोय एवढं कळलं, आणि दिवसभरात पहिल्यांदाच ती संग्रामवर उखडली.

"ओवाळणी माघारी घेत्यात व्हय रे? भनीच्या ताटात पडलं ते पडलं. आपशकून आसतो."

"आई, दहा मिनिटांसाठी. परत देणार आहे."

"दहा मिनटं का आसंना."

मला हसू आवरेना. म्हटलं, बघा, ओवाळणी परत घ्यायला अपशकुन होतो आणि घरातला वाटा परत घ्यायला होत नाही. बोलून गेले. आईनं माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं, आता कानाखाली बसते. एकेचाळीस वर्षांची होते मी.

तोडगा आईनंच काढला. म्हणाली, माघारी नको, उसना घे. शेजारून विरजण आणतात तसा. आणि मागायचं तर नीट माग. संग्राम माझ्यापुढं उभा राहिला. दातावर दात धरून म्हणाला, "ताई, मला तुझा प्रोसेसर तासाभरासाठी उसना देतेस का?"

दिला. एवढा गोड क्षण मला माहेरी कित्येक वर्षांत मिळाला नव्हता.

जुना प्रोसेसर पुसून बसवला, खणात एक अर्धी नळी पेस्ट होती ती लावली, पंखा आवळला. बटण दाबलं. पंखा फिरला, एक सेकंद काही नाही, आणि स्क्रीन उजळली. संग्रामच्या तोंडून "हां" असा आवाज निघाला. विंडोज चालू झालं. मी म्हटलं, आता चालू आहे तोवर तुझ्या पार्टीचे कागद आधी काढून घे, प्रिंटर जोड. पुढचं काय होईल सांगता येत नाही.

"नको," तो म्हणाला. "ते मी नंतर काढतो."

"अरे, टोकन आहे ना सकाळी?"

"नंतर काढतो म्हटलं ना."

एवढी घाई, आणि हातात आलेलं सोडून देतोय, याचं मला नवल वाटलं. पण त्याचा आडमुठेपणा मला नवा नव्हता. मी कंपनीची फाइल उतरवून पेनड्राइव्हवर घेतली, मशीन परत चालू करून चिपच्या पानावर गेले आणि दोघांनाही बजावलं. आता तीन मिनिटं वीज जाता कामा नये. मध्येच गेली तर चिप अर्धवट राहील आणि बोर्ड भंगारात. इन्व्हर्टर होता, पण तो जुना. आई चटणी वाटायला मिक्सर लावणार होती, तिला स्टुलावर बसवलं. संग्राम मेन स्विचपाशी जाऊन उभा राहिला, जसं काही वीज त्याच्या अंगावरून जाणार होती.

टक्के चढायला लागले. वीस. पस्तीस. साठला आकडा अडकला. संग्राम तिथूनच हळूच म्हणाला, "ताई?" तो आवाज मी ओळखला. लहानपणी दादांच्या टाइपरायटरची रिबन आम्ही दोघांनी ओढून काढली होती आणि परत बसत नव्हती, तेव्हा त्यानं अशीच हाक मारली होती. मी म्हटलं, "होईल रे." आकडा पुढं सरकला. ऐंशी, शंभर.

मग उलटं काम. जुना काढला, पुसला, डबीत ठेवला. नवा बसवला. बटण दाबलं आणि आम्ही दोघं स्क्रीनकडं बघत राहिलो. पाच सेकंद काळी. दहा सेकंद. संग्रामनं माझा दंड धरला होता, मला वाटतं त्याला ते कळलंही नसेल. आणि कंपनीचं चिन्ह उगवलं.

तो हसला. मीही हसले. आईनं स्टुलावरून हात जोडले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत आम्ही तिघं एका गोष्टीवर खूश होतो. संग्राम म्हणाला, तुझ्यावाचून झालं नसतं ताई, आणि मला ते खरंच भिडलं, आत कुठंतरी बरं वाटलं. मला वाटलं, आता जेवताना हा विचारेल. सरळ विचारेल. आणि विचारलं तर काय म्हणायचं ते माझं ठरलेलं होतं.

मी राहिलेल्या वायरी जोडायला लागले. माउस, इंटरनेट, सगळ्यात शेवटी प्रिंटर. प्रिंटर माझ्या उजव्या हाताला फळीवर होता. वायर खोचली, त्याचं बटण चालू केलं. आणि कुणी काही न सांगता तो खडखडला आणि कागद ओढायला लागला.

लॅबमध्ये हे नेहमीचंच. प्रिंट दिलेली असते, प्रिंटर बंद असतो, ती आत अडकून राहते. मग कधीतरी प्रिंटर लागला की बाहेर पडते. आदल्या संध्याकाळी संग्रामनं प्रिंट दिली असणार, तेवढ्यात कुणीतरी आलं असेल आणि राहून गेली असेल. मी मागं वळून त्याला "तुझ्या पार्टीचे कागद निघाले बघ" म्हणणार होते, पण तो खोलीच्या त्या टोकाकडून धावतच आला. एवढा धावला म्हणूनच मी पहिला कागद उचलला.

"दे इकडं," तो म्हणाला.

मथळा होता हक्कसोड पत्र. लिहून घेणार, श्री. संग्राम दत्तात्रय शेडगे. मी खाली वाचत गेले. लिहून देणार क्रमांक दोन, सौ. रोहिणी मकरंद काटकर, वय ४१, धंदा नोकरी, राहणार फलटण. ती पार्टी मी होते. अकराचं टोकन माझ्यासाठी होतं. अख्खी दुपार पदर खोचून मी माझ्याच हक्कसोडाची मशीन चालू करत बसले होते.

"रात्री सांगणार होतो तुला," संग्राम म्हणाला.

मी आईकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली. "मला म्हणला, उद्या ताईला कचेरीत न्यायचीय, तू साक्षीला चल," ती म्हणाली. म्हणजे तिलाही माहीत होतं. सकाळपासून, मला पाणी देताना, ओवाळताना, ओवाळणीवरून त्याला रागावताना. भावाचं मला एवढं लागलं नाही जेवढं तिचं लागलं.

"साक्षीला?" मी म्हटलं. "आई, तू साक्षीदार नाहीयेस यात."

"ताई, दे तो कागद."

"लिहून देणार क्रमांक एक," मी मोठ्यानं वाचलं, "श्रीमती शालन दत्तात्रय शेडगे, वय ६४, धंदा घरकाम."

आई स्टुलावरून उठली. "माझं नाव कशापायी?"

"फॉर्मॅलिटी असते आई," संग्राम म्हणाला. "बँकेला एकच नाव लागतं. तुझं, ताईचं, दोन्ही काढावी लागतात."

हेच शब्द. दोन वर्षं माझ्याबद्दल आई हेच शब्द त्याच्याकडून ऐकून मला ऐकवत होती. आता तिला ते स्वतःच्या नावापुढं ऐकू आले.

"पुढं वाच," ती मला म्हणाली.

मी वाचलं. सदर मिळकत कैलासवासी दत्तात्रय यांच्या पश्चात वारसाहक्काने वरील तिघांना प्रत्येकी एक तृतीयांश याप्रमाणे प्राप्त झालेली आहे. आम्ही लिहून देणार आमचा संपूर्ण हिस्सा राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, विनामोबदला सोडून देत आहोत. यापुढे सदर मिळकतीशी आमचा कोणताही संबंध राहिलेला नाही. प्रिंटर तोवर तिसरा कागद बाहेर टाकत होता. त्यावर सह्यांच्या जागा होत्या.

मी आत गेले, माझी पर्स आणली आणि टेबलावर उपडी केली. आधारची झेरॉक्स, पॅनची झेरॉक्स, दोन फोटो. फलटणहून निघताना स्टँडसमोर काढलेले.

"बघ," मी संग्रामला म्हटलं. "मी सही करायलाच आले होते. कंटाळले होते मी या सगळ्याला. तू जेवताना एकदा सरळ विचारलं असतंस, तर उद्या तुझ्याआधी कचेरीत जाऊन बसले असते."

हे खरं होतं. एसटीत बसल्यापासून मी तेच ठरवत आले होते. घराच्या एका तुकड्यापेक्षा मला माहेर पाहिजे होतं, वर्षातून दोनदा येऊन कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवता यावा एवढंच. तो खजील होईल असं मला वाटलं. त्यानं फोटो उचलले आणि बघितले.

"मग कर की," तो म्हणाला. "आणलंयस सगळं तर तुझी तू करून टाक. आईचं मी बघतो."

"माझं काय बघतोस?" आईनं विचारलं.

"आई, तुला काय करायचाय वाटा या वयात? मी काय तुला घराबाहेर काढणार आहे?"

"न्हाई काढायचास," आई म्हणाली. "मग लिहून कशाला घेतोयस?"

संग्राम चिडला. तो माझ्यावर घसरला. म्हणाला, तूच हिचे कान भरतेस, दर वेळी येऊन घरात विष कालवून जातेस, दादा असतानाही तेच आणि आताही तेच. माझे फोटो त्यानं टेबलावर फेकले, एक खाली पडला. मीही सोडलं नाही. दोन वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर काढलं, त्याचा उतरलेला प्रोसेसरसुद्धा. नको ते बोललो आम्ही दोघं. शेवटी तो दाराकडं बोट करून म्हणाला, "सही करायची नसेल तर पुन्हा या घरात पाऊल ठेवू नकोस. संपलं तुझं माहेर."

आई एवढा वेळ चष्मा लावून पहिला कागद वाचत होती. चौथीपर्यंत शिकलेली, एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायची. आमच्या ओरडण्याकडं तिचं लक्षच नव्हतं. तिचं बोट एका ओळीवर थांबलं होतं.

"हे एक तृतीयांश म्हंजे तीन वाटं, न्हवं का रं?" तिनं विचारलं.

संग्राम स्क्रीनकडं वळला. मी हो म्हटलं.

"एक तुझा, एक हिचा, एक माझा. मला कुणी सांगितलं न्हवतं. तुझ्या दादांनीबी न्हाई. मी आपली समजत होते, पोराच्या घरात ऱ्हातीय." तिनं चष्मा काढला. "आता तूच छापलंयस. मग तू हिला कुठनं हाकलतोस? तुझ्या वाट्यात न्हाई यायची ती. माझ्या वाट्यात यील."

तिनं प्रिंटरमधले बाकीचे दोन कागद काढले, तिन्हींची घडी घातली आणि आत नेऊन ट्रंकेत टाकली. खाली पडलेला माझा फोटोही उचलून नेला. मग मिक्सर लावला. मी आणि संग्राम तिथंच उभे होतो, चालू झालेल्या मशीनपुढं, आणि एकमेकांकडं बघत नव्हतो.

सकाळी अकराला कचेरीत कुणी गेलं नाही. मजला पुढं कधी चढला नाही. संग्राम माझ्याशी जवळजवळ बोलणं सोडून वागायला लागला आणि मीही ते मिटवायला गेले नाही. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि जावा असंही वाटत नाही.

आई त्यानंतर सहा वर्षं होती. दर भाऊबीजेला मी वडूजला जायचे. संग्राम तोंड फिरवून यायचा आणि ओवाळून घ्यायला पाटावर बसायचा. बसणं त्याला भागच होतं. पाट आई मांडायची, आणि माजघरात मांडायची. माजघर तिनं स्वतःच्या वाट्याचं ठरवून टाकलं होतं.